कोरड्या विहिरीतला सोबती

गोदावरीच्या दक्षिण काठापासून तीन कोसांवर बोरदरी नावाचे गाव आहे. गावाच्या उगवतीला ख्रिस्ती वस्ती आणि वस्तीच्या कडेला काळ्या दगडाचे एक बैठे चर्च. त्या चर्चच्या मागच्या पडवीत शांतवन महाराजांनी आयुष्याची शेवटची अकरा वर्षे काढली. महाराज मूळचे दोर वळणारे. अंबाडी हातात घेऊन बसले की ओठांवर प्रभूचे नाव असायचे, आणि कोणी दुःख घेऊन आले की हातातला पीळ तसाच धरून ते ऐकत राहायचे. त्यांचे बोलणे थोडे, ऐकणे फार. म्हणून तर लांबलांबची माणसे, ख्रिस्ती नसलेलीही, त्यांना महाराज म्हणत. त्यांच्या हयातीत घडलेली ही नाताळाची हकिकत आहे. ऐकताना मन जड होईल, पण घडली तशीच ती सांगायला हवी.

वस्तीत यिर्मया उजागरे नावाचे मास्तर होते. शाळा तेच चालवत आणि चर्चच्या मंडळीचा कारभारही तेच बघत. बोरदरीला कायमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हते. सणावाराला तालुक्याहून पाळकसाहेब येत, एरवी उपासना मास्तरच घेत. त्या वर्षी पाळकसाहेब पंधरा-वीस पाहुण्यांना घेऊन नाताळाला येणार असल्याचे पत्र आले आणि मास्तरांनी कंबर कसली. मांडव घातला. कामट्या आणि पतंगाचा कागद आणून पुरुषभर उंचीची चांदणी करायला घेतली. मुलांची नाटिका, मिरवणूक, शंभर पानांचे प्रीतिभोजन, ढोल-ताशाची तालीम, सगळे त्यांनी आपल्या अंगावर घेतले. पहाटे उठायचे ते अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत धावायचे.

लोक त्यांच्या उत्साहाचे कौतुक करत. आतली गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. दोन वर्षांपूर्वी मास्तरांची तीन वर्षांची लेक, तबीथा, घटसर्पाने गेली होती. त्या दिवसापासून मास्तरांना देवाजवळ बसता येत नसे. उपासनेत ते मोठ्याने प्रार्थना म्हणत, पण ती कागदावर लिहून आणलेली असे. एकटे बसून डोळे मिटले की लेकीचा घुसमटलेला श्वास कानात घुमायचा आणि ते ताडकन उठून कोणते तरी काम शोधायचे. काम सापडले की बरे वाटायचे. नाताळ म्हणजे तर कामांचा डोंगर. ते त्यात स्वतःला गाडून घेत होते.

याच वस्तीत सगुणाबाई नावाची विधवा होती. शिंदीच्या केरसुण्या बांधून पोट भरायची आणि चर्चची झाडलोट सेवा म्हणून करायची. ती रोज सकाळी चर्चमध्ये येऊन आधी भिंतीशी गप्प बसायची. ना पुस्तक उघडायची, ना गाणे म्हणायची. बराच वेळ तशी बसून झाली की मग केरसुणी हातात घ्यायची. मास्तरांना ते बघवत नसे. का बघवत नाही, हे त्यांनी स्वतःला कधी विचारले नव्हते.

डिसेंबरच्या विसाव्या तारखेला मांडवात सगळी मंडळी जमलेली असताना मास्तरांनी तिला हटकले.

"सगुणाबाई, अंगण सारवायचं राहिलंय. पाहुणे चार-पाच दिवसांत येतील. तुमचं बसणं अजून संपलं नाही का?"

"बसून झालं की करते, मास्तर. अंधार पडायच्या आत सारं अंगण सारवून होईल."

"देव काय तुमच्या एकटीसाठी येऊन बसतो तिथं? आम्ही इतके जण राबतोय ते कोणासाठी? तुमच्यासारखे सगळे बसले तर प्रभूचा जन्म गोठ्यातसुद्धा व्हायचा नाही."

माणसे हसली. सगुणाबाईने मान खाली घातली. मास्तर एवढ्यावर थांबले नाहीत. नाताळ होईपर्यंत तिने चर्चच्या कामाला यायचे नाही, असे त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकले.

महाराज पडवीच्या तोंडाशी उभे होते. ते मास्तरांना रागे भरले नाहीत. सगुणाबाई जाताना एवढेच म्हणाले, "काम काढून घेतलंय, बाई. बसायला कोणी नको म्हटलेलं नाही."

मग त्यांनी मास्तरांना विचारले, "ठकूआई कशी आहे?"

"बरी आहे, महाराज," असे चालता चालता सांगून मास्तर पुढच्या कामाला लागले.

ठकूआई ही मास्तरांची आई. डोळ्यांत फूल पडून दहा वर्षे झाली होती, तिला काहीच दिसत नव्हते. धाकटा मुलगा इलीशा वस्तीच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. म्हातारी काही दिवस थोरल्याकडे, काही दिवस धाकट्याकडे अशी राहायची. दोन्ही घरांमधली वाट तिच्या हाताला पाठ होती. वाटेच्या कडेने तुराट्यांचा कूड होता. त्या कुडाला हात लावत ती सरळ चालायची आणि कूड जिथे वळायचा तिथे वळायची, की आले इलीशाचे दार.

एकवीस तारखेला मास्तरांनी तो कूड वळणापाशी काढून टाकला. मिरवणुकीला तिथे वाट अरुंद पडत होती. आईला सांगायला हवे, हे त्यांच्या मनात आले होते. मग कोणीतरी मांडवाच्या दोरासाठी हाक मारली आणि ते राहून गेले.

बावीस तारखेला सकाळी घरात करंज्या तळणे चालले होते. मास्तरांची बायको रिबेका आणि शेजारच्या चौघी चुलीभोवती होत्या. ठकूआई दाराशी घोंगडीवर बसली होती. मास्तर बाहेर निघाले तसे तिने पावलांवरून ओळखले.

"यिर्मया, जरा बस की माझ्यापाशी. चार दिस झाले, तुझा आवाज नुसता दारातनं ऐकू येतोय."

"आई, नाताळ झाला की बसतो. आणि असं कर, तोवर इलीशाकडं जा. इथं पाय ठेवायला जागा नाही. पाठवतो कुणाला तरी तुला सोडायला."

"बरं," ती म्हणाली.

मास्तरांनी कोणाला पाठवले नाही. विसरले. म्हातारीने दुपारपर्यंत वाट पाहिली आणि घोंगडी खांद्यावर टाकून आपली आपण निघाली. रिबेकाला वाटले, कोणीतरी न्यायला आले असेल.

त्या संध्याकाळी मांडवात महाराजांनी मास्तरांना पुन्हा विचारले, "ठकूआई कुठं आहे?"

"इलीशाकडं."

"तुम्ही पाहिलंत?"

"त्यात पाहायचं काय, महाराज?" मास्तर हसून म्हणाले. महाराज हसले नाहीत. ते तिथून उठले आणि पडवीत जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी अन्न घेतले नाही, असे मागाहून समजले.

तेवीस तारखेला दिवस कलता कलता इलीशा ढोलाच्या तालमीला आला. घाम पुसत त्याने सहज विचारले, "दादा, आई नाताळ तुमच्याकडंच करणार का? आमच्याकडं कधी पाठवताय?"

मास्तरांच्या हातात चांदणीची कामटी होती. ती हातातच राहिली.

"ती तुझ्याकडं नाही?"

"माझ्याकडं? मला वाटलं तुमच्याकडं आहे."

दीड दिवस झाला होता. दोन लेक, दोन सुना, सगळी वस्ती जागेवर होती आणि एक आंधळी म्हातारी त्यांच्यामधून नाहीशी झाली होती. प्रत्येकाला वाटत होते, ती दुसऱ्या कोणाकडे तरी आहे.

ढोल थांबले. माणसे कंदील घेऊन निघाली. ओढा पाहिला, पाण्याच्या विहिरी पाहिल्या, उसाच्या सऱ्या धुंडाळल्या. जिथे कूड वळत होता तिथे मास्तर उभे राहिले तेव्हा त्यांना कळले. वळायची खूण त्यांनीच उपटून टाकली होती. आई तिथून सरळ चालत गेली असणार, चुनखडीच्या माळाकडे. ते माळावर गेले, हाका मारल्या. पुन्हा एकदा गेले. नुसती घाणेरीची झुडपे आणि हाका उडवून नेणारा बोचरा वारा. ती सगळी रात्र अशीच गेली. सगुणाबाईही पहाटेपर्यंत बायकांबरोबर रान तुडवत होती, पण मास्तरांचे तिकडे लक्ष नव्हते.

चोवीस तारखेची सकाळ धुक्याने कोंदलेली उजाडली. मास्तर घसा बसलेल्या अवस्थेत चर्चमध्ये आले. तिथली मोठी घंटा वाजवून आसपासच्या वाड्यांतली माणसे बोलवावीत, असे त्यांच्या मनात होते. आत पाहतात तो सगुणाबाई भिंतीशी बसलेली.

त्यांचा संताप उफाळून आला. "माणसं रानोमाळ फिरतायत आणि तुम्ही इथं बसलाय? लाज वाटत नाही?"

सगुणाबाई उठून उभी राहिली. तिने माळाकडे बोट केले. "मास्तर, ठकूआईचं नाव घेतंय कुणीतरी. माळाकडनं ऐकू येतंय."

"काल संध्याकाळपासून सगळी वस्ती तिचंच नाव घेतेय," मास्तर कडवटपणे म्हणाले. "तुम्हाला ते आत्ता ऐकू आलं होय?"

"वस्तीचा आवाज ओळखते मी. ह्यो त्यातला न्हाई."

"माळ आम्ही दोनदा पाहिलाय. तुमचे भास तुमच्यापाशी ठेवा."

तेवढ्यात पडवीतून महाराज आत आले. त्यांनी नवा वळलेला जाड दोर खांद्यावर टाकला होता.

"ती म्हणते तिकडं जाऊ," महाराज म्हणाले.

महाराजांना नाही म्हणण्याचे बळ त्यांच्यात उरले नव्हते. ते मागोमाग निघाले, पण मनात हेच होते, की एका बाईच्या वेडापायी मोलाचा वेळ चाललाय. इलीशा आणि आणखी तिघे बरोबर आले.

सगुणाबाई पुढे चालत होती. चार पावले जायची, थांबायची, मान कलती करून ऐकायची. मास्तरांनीही कान देऊन पाहिले. त्यांना धुक्यातून टपकणाऱ्या दवाशिवाय काही ऐकू येत नव्हते. पडक्या चुन्याच्या भट्टीपाशी आल्यावर ती डावीकडे वळली आणि घाणेरीच्या दाट जाळीसमोर थांबली.

"इथं," ती म्हणाली.

इलीशाने जाळी बाजूला ओढली. खाली काळोख होता. भट्टीच्या कामाला कधीकाळी खणलेली विहीर. पाणी न लागल्यामुळे सोडून दिलेली, मग झुडपांनी झाकलेली, आणि वस्ती विसरून गेलेली. तोंडाशी घोंगडीचा एक फाटका कोपरा काट्याला अडकला होता.

मास्तर कडेला पालथे पडले. "आई," त्यांनी हाक मारली.

खालून ओळखीचा, झोपाळलेला आवाज आला, "यिर्मया का? हळू बोल रं. आत्ताच डोळा लागला हुता माझा."

महाराजांनी दोर भट्टीच्या खांबाला बांधला. मास्तर स्वतः खाली उतरले. दोन पुरुष खोल असेल ती विहीर. भिंतीला ना पायरी, ना कपार. तळाची माती दवाने ओली होती आणि हातांना झोंबेल इतकी गार. आई भिंतीला पाठ टेकून बसली होती. तिचा एक पाय भलत्याच बाजूला वळला होता. मास्तरांनी तिला हात लावला आणि चरकले. चुलीपाशी बसलेल्या माणसाचे असावे तसे तिचे अंग उबदार होते. लुगडे कोरडे होते. दोन रात्री उपाशी-तहानलेली असूनही ओठांवर पापुद्रा नव्हता.

"त्यो वर गेला का?" तिने विचारले.

"कोण, आई?"

"माझ्यापाशी बसला हुता त्यो."

मास्तरांनी चौफेर पाहिले. मातीवर आईच्या अंगाखालची जागा सोडली तर एकही खूण नव्हती. मग त्यांच्या ध्यानात आले की आईच्या शेजारी, माणूस बसेल एवढ्याच जागेत, माती सुकी होती.

वस्तीतून झोपायची बाज मागवली, ती दोरांना बांधून खाली सोडली आणि म्हातारीला वर काढले. घरी आणल्यावर गावच्या कंपाउंडरने तिला पाहिले आणि मास्तरांना बाहेर बोलावून घेतले. खुब्याचे हाड मोडले होते, छातीत पाणी धरले होते. तालुक्याला न्यायचे तर बैलगाडीचे हिसके तिला सोसायचे नाहीत. "जवळ बसा," तो म्हणाला. "याहून दुसरं करण्यासारखं नाही."

दुसऱ्या दिवशी नाताळ होता. पाळकसाहेब आणि पाहुणे आले. मंडळी विचारायला आली, मिरवणूक रद्द करायची का. मास्तरांनी महाराजांकडे पाहिले. "गाऊ द्या त्यांना," महाराज म्हणाले. "ढोल नकोत. तुम्ही मात्र इथून हलू नका."

महिनाभर ज्याच्यासाठी मास्तर धावले होते ते सगळे त्यांच्यावाचून पार पडले. त्यांनी चांदणी चढवलेली पाहिली नाही. नाटिका पाहिली नाही. लांबून पोरांचे गाणे ऐकू येत होते आणि ते आईच्या उशाशी बसले होते. उठायची ओढ अंगात येत होती. पाणी आणावे, औषध उगाळावे, काहीतरी करावे. प्रत्येक वेळी आईने त्यांच्या मनगटावरची पकड घट्ट केली.

दुपारी ती बोलू लागली. थांबत थांबत, दम खात.

"पडले त्या दिशी लई हाका मारल्या. पर मांडवाकडं ढोल वाजत हुता. माझं मलाच ऐकू येईना. मग सोडून दिलं, पुन्हा न्हाई मारली हाक."

मास्तरांनी डोळे मिटले. ढोलाची तालीम मांडवाच्या मोकळ्या, माळाकडच्या बाजूला ठेवा, असे त्यांनीच सांगितले होते.

"मग थंडी वाजाया लागली. मला वाटलं, आता संपलं. तवा कुणीतरी शेजारी येऊन बसलं. म्हटलं, कोण रं बाबा? म्हणला, बसायला आलोय. म्हटलं, तुला काम न्हाई का, नाताळ हाय. म्हणला, हेच काम." तिने मास्तरांचा हात जवळ ओढला. "माझं डोकं मांडीवर घेतलं त्यानं. ओंजळीनं पाणी पाजलं. मी त्याचा हात चाचपला. खरबरीत हुता, सुताराचा असावा तसा. तळव्याच्या मधोमध खोल वण. माझं बोट रुतलं त्यात. म्हटलं, लई दुखलं असंल. म्हणला, दुखलं."

खोलीत महाराज होते, रिबेका होती, दारात इलीशा होता. महाराजांच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या.

"म्या त्याला तुझं सांगितलं, यिर्मया. म्हटलं, माझा थोरला लेक, पोरगी गेल्यापासनं बसत न्हाई कुठं. नुसता पळतोय."

"काय म्हणाला तो?" मास्तरांनी विचारले. तो आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"म्हणला, मला ठाऊक हाय. म्हणला, मी हाय त्याच्या मागं मागं."

मास्तरांनी आईच्या अंथरुणात तोंड खुपसले. दोन वर्षे जे रडू अडवून धरले होते ते बाहेर आले. तबीथाचे नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने घेतले. आई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि त्या रडण्याचीच प्रार्थना झाली, कुठल्याच कागदावर न लिहिलेली.

ठकूआई त्यानंतर दोन दिवस होती. सत्तावीस तारखेच्या दुपारी, मास्तरांच्या हातात हात असताना, ती शांतपणे गेली. तिला तबीथाच्या शेजारी मूठमाती दिली. मांडवाला अजून पताका लटकत होत्या, त्या काढायचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्यांच्याखालूनच तिला नेले. प्रभूने तिला विहिरीतून जिवंत काढले, मग घरी का राखले नाही, असे इलीशाने महाराजांना विचारले. महाराजांनी त्याचा हात हातात घेतला. म्हणाले, "मला ठाऊक नाही, बाळा. ती एकटी नव्हती, एवढं मला ठाऊक आहे."

अठ्ठावीस तारखेला सकाळी मास्तर चर्चकडे आले. महाराज पडवीत अंबाडी सोलत होते. मास्तर त्यांच्या पायांवर वाकले, तसे महाराजांनी त्यांना खांद्याला धरून उठवले.

"माझ्याकडं नको, मास्तर. ज्यांना सगळ्यांदेखत बोललात त्या आत आहेत."

दारात दोन-चार माणसे उभी होती. विसाव्या तारखेला हसलेली तीच माणसे. मास्तर त्यांच्यामधून आत गेले. सगुणाबाई भिंतीशी बसली होती. मास्तरांनी गुडघे टेकले आणि तिच्यासमोर जमिनीवर डोके ठेवले.

तिने चटकन पाय आखडून घेतले. "मास्तर, असं नगा करू. उठा."

"मी तुम्हाला नको ते बोललो," ते म्हणाले. "माझी आई तुमच्यामुळं माझ्या हाती आली. तुम्हाला ऐकू आलं, मला आलं नाही. मला इथं बसता येत नाही, सगुणाबाई. मला भीती वाटते."

सगुणाबाईने त्यांच्याकडे पाहिले. त्या माणसाचे गाल चार दिवसांत आत गेले होते.

"मला बी वाटती," ती हळूच म्हणाली. "माझा धनी गेला तवापासनं रोज वाटती. तरी बसते."

एवढे बोलून ती थोडी बाजूला सरकली आणि तिने आपल्या चटईवर त्यांच्यासाठी जागा केली. मास्तर बसले. त्यांनी डोळे मिटले, लेकीचा श्वास कानात आला, आणि या वेळी ते उठले नाहीत.